सासूबाई ‘सुटलीस’ म्हणाल्या तरी…

प्रिय शुभा,

तुझा मेसेज वाचला. त्यावर दोन ओळी टाकून मोकळं होणं जमेना, म्हणून हे लांबलचक.

वय ३८, चार महिने पाळी नाही, रात्री घामानं गाऊन भिजतो. डॉक्टर म्हणाल्या टेन्शनमुळे असेल, सासूबाई म्हणाल्या ‘सुटलीस’. तू दोघींचंही ऐकू नकोस. (सासूबाईंना उलटून बोलू नकोस हं, त्यांच्या परीनं दिलासाच देत होत्या.)

आधी घरीच प्रेग्नन्सी टेस्ट कर. हसू नकोस, खरंच कर. मग रक्त तपासायचं: थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), एफएसएच (मेंदूकडून बीजकोशांना कामाला लावणारं हार्मोन), इस्ट्रॅडिऑल (म्हणजे इस्ट्रोजेन, बीजकोशांचं हार्मोन). कधीकधी नुसत्या थायरॉइडचं दुखणं निघतं आणि गोळीनं गाडी रुळावर येते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना सांग, त्यात एफएसएचचा आकडा फसवतो. तो २५च्या वर आला की बीजकोश थकलेत अशी शंका घेतात, आणि खात्री वाटली नाही तर चारेक आठवड्यांनी पुन्हा बघतात. माझ्या रिपोर्टात तो आकडा ठळक काळ्या अक्षरात होता, शेजारी वर जाणारा बाण. नुसत्या एएमएचवरून (बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) कुणी निदान केलं तर मान डोलवू नकोस.

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते. चाळिशीच्या आत बीजकोश मंदावणं ही वेगळी गोष्ट. त्यात ते अधूनमधून जागेही होतात, त्यामुळे दिवस राहूच शकत नाहीत असं धरून चालू नकोस.

मला सगळ्यात जास्त काळजी तुझ्या हाडांची आहे. आमच्या कामाच्या मावशी मूळच्या बीडच्या, ऊसतोडीवर जायच्या. तिशीच्या आतच पिशवी काढली, बीजकोशही गेले. पुढे गोळी-औषध कुणी दिलंच नाही. आता पन्नाशीत भांडी घासायला स्टूल लागतं, मनगट दोनदा मोडलंय. इस्ट्रोजेन लवकर आटलं की हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही धोका वाढतो. म्हणून हाडांची घनता बघणारा डेक्सा स्कॅन करून घे. काही दुखत नाही, नुसतं टेबलावर पडून राहायचं.

निदान पक्कं झालं तर डॉक्टर हार्मोन सुचवतील, बहुधा पन्नाशीपर्यंत. पिशवी असल्यानं इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन हवंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होत जातं. ‘हार्मोन म्हणजे कॅन्सर’ हे तुझी बहीण म्हणणारच. ती धास्ती पसरली २००२च्या अमेरिकन अभ्यासामुळे, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३. तुझ्या वयात जे अंगात असायलाच हवं, तेवढंच तुला परत मिळणार आहे. तरी स्तनाच्या कॅन्सरचा किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा घरचा इतिहास असेल तर लपवू नकोस.

दुसऱ्या मुलाचा विचार अजून मनात असेल तर तेही पहिल्याच भेटीत बोल, मागाहून नको. आणि रडू आलं तर रड. मीही रडले होते, मूल नको असूनसुद्धा. का ते आजवर कळलेलं नाही.

शुक्रवारी सोनोग्राफीला मी येते. पोटावरून करणार असतील तर घरून भरपूर पाणी पिऊन नीघ आणि वाटेत बाथरूमला जाऊ नकोस.

तुझी,
मेघना