वादळाच्या आडोशाला

प्लिमथ, फेब्रुवारी

प्रिय नंद्या,

असल्या तुफानात लोक सर्फिंगला जातातच कसे, म्हणून तू फोनवर ओरडलास. बरोबर आहे, आपल्याकडे नारळी पौर्णिमेआधी कोणी होडी लोटत नाही. पण इथलेही शहाणे लोक वादळात शिरत नाहीत, त्याच्या आडोशाला जागा शोधतात.

परवा नैर्ऋत्येचा वारा नुसता पिसाळला होता. इंग्लंडच्या पश्चिम टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या उत्तर किनाऱ्यावरच्या बऱ्याचशा पुळणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणजे असा वारा थेट अंगावर. कॉन्स्टंटाइन बे गाडीतूनच पाहिला. जिकडेतिकडे फेस, लाट कुठे सुरू होते नि कुठे मोडते काही कळेना. न्यूक्वेला फिस्ट्रलवरही हेच असणार, म्हणून तिकडे गेलोच नाही. ट्रेव्होस हेड या भूशिराच्या पलीकडे हार्लिनच्या पुळणीवर गेलो, जेमतेम दहा मिनिटं.

हार्लिन उत्तरेला उघडतं. तोच वारा तिथे जमिनीवरून येतो, आपल्या मतलई वाऱ्यासारखा, आणि फुटायला आलेल्या लाटेला धरून ठेवतो. पश्चिमेची लाट तिथे पोचते कशी? वळून. म्हणून मी उंचीच्या आधी लाटा किती सेकंदांनी येताहेत ते बघतो. १४ सेकंदांची लाट खोल पाण्यात, एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत, सुमारे ३०० मीटर लांब असते. खोली १५० मीटरवर आली की तिला तळ जाणवायला लागतो आणि ती भूशिराभोवती वळते. ८ सेकंदांच्या लाटेला ५० मीटरपर्यंत तळाचा पत्ताच नसतो, ती सरळ निघून जाते. वळताना जोर मात्र सांडतो. बाहेर दोन पुरुष उंच असलेली लाट आत कमरेएवढी उरते. पण काय सुरेख उरते!

गर्दी विचारू नकोस. हे गणित सगळ्या कॉर्नवॉलला येतं, त्यामुळे एकेका लाटेवर चौघांचा डोळा. पाणी ९-१० अंश. ५ मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटणारा रबरी पोशाख, बूट, हातमोजे, वर टोपी. हिवाळ्यात जीवरक्षक नसतात, म्हणून काळोखाआधी बाहेर यायचं, हा माझा नियम. आणि मग गारांच्या माऱ्यात, कार पार्कमध्ये, टॉवेल दातांत धरून तो ओला वेटसूट सोलायचा. समुद्र परवडला!

तू सप्टेंबरात ये. पाणी १६-१७ अंशांपर्यंत जातं, यापेक्षा जास्त लाड इथे होत नाहीत. काकूंकडून आगळाची बाटली आण, नीट बांधून. मागच्या खेपेला माझे सगळे शर्ट गुलाबी झाले होते.

तुझा,
सच्या