सेवा शिबिर: निघण्याआधी हे वाचा

सर्व स्वयंसेवकांना नमस्कार,

पुढच्या शुक्रवारी पहाटे ५ वाजता आपण गावाकडे निघतोय. तयारीची बैठक या रविवारी सकाळी १० वाजता कार्यालयात आहे. बैठकीला न येणाऱ्यांना या खेपेस नेता येणार नाही.

• धनुर्वाताची लस घेऊन १० वर्षे झाली असतील, तर डॉक्टरांना विचारून आधीच घ्या.
• रोजची औषधे दोन-तीन दिवस जास्तीची ठेवा. गावात दवाखाना नाही.
• बंद बूट, टॉर्च, मच्छरदाणी. बूट घालण्याआधी झटकायचे.
• पाणी उकळूनच प्यायचे.

आता सर्वांत महत्त्वाचे. काम कोणते करायचे हे गावकऱ्यांनी ठरवले आहे, आपण त्यांच्या हाताखाली राबायला जातोय. विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढू नका; लहान मुलांचा तर पालकांच्या होकाराशिवाय मुळीच नाही. मुलांना पैसे किंवा भेटवस्तू परस्पर वाटू नका, त्यातून मागे भांडणे उरतात. आणि ‘पुढच्या वेळी हे करून देऊ’ असा शब्द कुणीही देऊ नये. लोक त्या शब्दावर विसंबून राहतात.

आजार, ॲलर्जी आणि घरच्या एका व्यक्तीचा फोन नंबर रविवारीच गटप्रमुखांकडे लिहून द्या. तिथे मोबाइलला रेंज नसते, हे घरी सांगून ठेवा.