नारळ आत्ताच आणू नको

कोल्हापूर, रविवार

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्या गाडीबद्दल फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "बाबा, मीटरवर फक्त ४१ किलोमीटर, लाख रुपये कमी, महिनाअखेर ऑफर संपते!" म्हणून लिहून पाठवतोय.

हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली गाडी, घेऊ नको असं नाही. पुण्याच्या ट्रॅफिकला तीच बरी. रांगत जाताना बराच वेळ इंजिन बंद असतं, ब्रेक मारल्यावर वाया जाणारी ताकद बॅटरीत जाते. पण त्या ४१ किलोमीटरचं मला कौतुक नाही. गाडी चौदा महिने डीलरच्या यार्डात उभी होती, त्याचं बोल.

२०२१-२२चा एसटीचा संप मिटल्यावर आम्ही डेपोतल्या गाड्या बाहेर काढल्या, तेव्हा सेल्फ मारला की नुसती टकटक. बॅटऱ्या उतरलेल्या, टायर बसलेले, एका गाडीच्या वायरिंगमध्ये तर उंदरांचा संसार. त्या तर साध्या डिझेल गाड्या.

तुझ्या गाडीत मोठी बॅटरी आहे, पण तिला जागं करते ती साधी १२ व्होल्टची. ती उतरली, तर मोठी भरलेली असूनही गाडी म्हणजे दगड. सेल्समन दुसऱ्या बॅटरीची जंप देऊन चालू करून दाखवेल. भुलू नको, १२ व्होल्टची नवीन बसवून देणार असं लिहून घे. मोठी बॅटरी गाडी चालू असतानाच भरते. दर महिन्याला कुणी गाडी चालू करत होतं का, विचार. नसेल तर मोठी बॅटरी तपासून रिपोर्टचा कागद दे म्हणावं.

आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं. उद्या विकायला काढलीस तर गिऱ्हाईक आधी तेच बघणार. तुझ्या लाखातले बरेचसे तिथेच जातील. तेव्हा आणखी कमी कर म्हणायला लाजू नको. (तुझी आई भाजीवाल्याशी कशी बोलते, आठव.) डीलरच्या नावावर आधी पासिंग झालेलं नाही ना, तेही बघ, झालं असेल तर तू दुसरी मालक आणि वॉरंटीचे महिनेही खर्ची पडलेले.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतो. टायरवरचे तारखेचे आकडे आणि बॉनेटखालचं वायरिंग मी स्वतः बघेन, टॉर्च आणतोय. तोवर एक रुपयाही भरू नको. आणि नारळही आणू नको.

तुझा,
बाबा