गोराईचा रंगारी आणि कृष्णेचं पाणी

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

सांगलीत मारुती चौकाजवळ आमचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्ट साइज हे वडिलांचं रोजचं काम. डिसेंबर-जानेवारीत मात्र ते शाळांच्या सहलींबरोबर जायचे. १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड हे करमणुकीचं उद्यान सुरू झालं आणि थोड्याच वर्षांत, रायगड-प्रतापगडावर भागवणाऱ्या आमच्याकडच्या शाळाही लाल डब्यात पोरं कोंबून रातोरात मुंबई गाठू लागल्या. त्या सहलींचे अकरा रोल आमच्या माळ्यावर होते.

२००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्याही वर हात-दीड हात धरून आम्ही ते ठेवले होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. दुकान उघडलं तेव्हा माळाही गाळात होता.

निगेटिव्हवर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो, आणि पट्ट्या एकमेकींवर तशाच वाळल्या की चिकटून बसतात. ओढल्या की चित्रच सोलून येतं. मी ओढल्या. खरं तर ओल्या असतानाच स्वच्छ थंड पाण्यातून काढून एकेक दोरीला टांगायची. ते जमणार नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये. वडिलांना हे सांगावं लागलं नसतं, पण ते तेव्हा मिरजेला आत्याकडे होते आणि मला घाई.

दीड रोल वाचला. त्यात एस्सेलवर्ल्डमधली एक फ्रेम आहे. चौथीतली पोरं, पांढरे कॅनव्हासचे बूट, एकीच्या हातात फडक्यात बांधलेला डबा. मागे नुकती लावलेली रोपं, सुतळीनं काठीला बांधलेली, पोरांच्या खांद्याएवढी. आणि कठड्याला रंग देणारा एक माणूस ब्रश तसाच धरून पोरांकडे वळून बघतोय. पोरांचे फोटो त्यांच्या घरी असतील. या रंगाऱ्याचा आणखी कुठे असेल असं वाटत नाही.

असंच एक उद्यान, कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड, १७ जुलै १९५५ ला उघडलं. संत्र्याच्या बागा काढून वर्षभरात उभं केलेलं. डांबर इतकं ताजं होतं की बायकांच्या उंच टाचा रुतल्या. त्यांनी ती फजितीसुद्धा जपली, अर्धवट बांधलेल्या किल्ल्याचे फोटोही जपले. आपल्याकडे दिल्लीचं अप्पू घर हे उद्यान १९८४ ला सुरू झालं, २००८ ला बंद. आता ते शोधायचं तर लोकांच्या अल्बमात.

पुरानंतर मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. टीव्ही, फ्रीज, गाद्या लिहून घेतल्या. "फोटो पंचनाम्यात बसत नाहीत," म्हणाले. खरंच आहे, कुठल्या रकान्यात बसवणार?

पैसे मागत नाही. तुमच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय कोल्हापुरात आहे, इथून दीड तासावर. मे महिन्यात, पावसाआधी, दोन जाणती माणसं आणि एक स्कॅनर पंधरा दिवस सांगलीत बसवा. शाळेचा एखादा वर्गही पुरेल. जुन्या स्टुडिओवाल्यांकडे निगेटिव्हची पोती आहेत. त्यांची पोरं मोबाइल दुरुस्तीची दुकानं घालतायत आणि पोती भंगारात चाललीयत. आणि पुराआधी वाटता त्या पत्रकात मेणबत्ती-औषधांच्या खाली भिजलेल्या फोटोंबद्दल चार ओळी छापा.

रंगाऱ्याची पट्टी सध्या शेजारच्या काकूंकडे दुसऱ्या मजल्यावर, पापडाच्या डब्यात ठेवली आहे. माणसं आली की पहिली तीच आणून देईन.

आपला,
सांगलीचा एक जुना स्टुडिओवाला