डॉक्टर, त्या रात्री तुम्ही तात्यांच्या खाटेपाशी थांबलात

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

तुम्ही तेव्हा निवासी डॉक्टर होता. आज कुठल्या गावी आहात ठाऊक नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. कराडचे पिठाच्या गिरणीवाले तात्या, चौदा महिने हृदयाचे ठोके अनियमित, गोळ्यांनी ताळ्यावर येईनात, ते आठवतात का? मी त्यांची मुलगी.

त्या दिवशी राउंडला दोन उपाय सांगितले गेले, कॅथेटर (शिरेतून हृदयात घालायची बारीक नळी) किंवा शस्त्रक्रिया, आणि संध्याकाळपर्यंत ठरवायला सांगितलं. मी आणि दादा जिन्यात भांडलो. त्याचं म्हणणं, छाती उघडली की कायमचं काम होतं. माझं म्हणणं, तात्यांना कापू द्यायचं नाही. दोघांनाही काही कळत नव्हतं.

रात्री अकराला तुम्ही सलाईन बघायला आलात आणि स्टूल ओढून बसलात. एका कोऱ्या कागदावर हृदय काढलंत. फुप्फुसांकडून डाव्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी चुकार ठिणग्या उडतात, हे 1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या डॉक्टरांनी दाखवलं. कॅथेटरवाले जांघेतल्या शिरेतून आत जाऊन त्या तोंडांभोवती डागण्या देऊन ठिणग्यांची वाट अडवतात. शस्त्रक्रियेत बरगड्यांमधून दुर्बीण घालून तेच काम हृदयाच्या बाहेरून करतात. छाती उघडावी लागत नाही, पण एकेक फुप्फुस आळीपाळीने मिटवावं लागतं.

"मग भारी कुठलं?" दादाने विचारलं. तुम्ही उत्तर टाळलं नाहीत. 2012 च्या युरोपातल्या अभ्यासात वर्षाअखेर शस्त्रक्रियेनंतर 65.6 टक्के लोकांचे ठोके नीट राहिले, कॅथेटरनंतर 36.5 टक्के. दादाचा चेहरा खुलला. लगेच पुढचा आकडा सांगितलात: गुंतागुंती 34.4 टक्के विरुद्ध 15.9. मग 2020 चा ब्रिटनमधला अभ्यास. 120 रुग्ण, सगळ्यांचा आजार तात्यांसारखाच वर्षाहून जुना, नोंद ठेवायला कातडीखाली यंत्र. तिथे शस्त्रक्रिया 26 टक्के, कॅथेटर 28. म्हणजे फरक नाहीच. आम्ही गप्प झालो, तेव्हा म्हणालात, "तिथे अर्ध्या मिनिटाची चूकही अपयश धरली होती. बहुतेकांचा त्रासाचा एकूण वेळ पुष्कळ कमी झाला होता." कॅथेटरनेही हृदयाला छिद्र पडून भोवती रक्त साचू शकतं, हेही लपवलं नाहीत.

मग तात्यांकडे वळलात. "गिरणीत किती वर्षं?"

"चाळीस."

"मग उद्या आधी फुप्फुसाची तपासणी मागून घ्या."

तपासणीत तात्यांचा श्वास फारच कमी भरला. एक फुप्फुस मिटवून ठेवणं त्यांना झेपलं नसतं. तात्यांनी स्वतः कॅथेटर निवडलं. दादानेही मान डोलावली, आणि जिन्यातलं भांडण तिथेच संपलं.

सहाव्या आठवड्यात ठोके पुन्हा बिघडले. आईने देवासमोर बसून रडायला सुरुवात केली, पण तात्या शांत होते. पहिल्या दोन महिन्यांतला बिघाड म्हणजे उपचार फसला असं धरत नाहीत, हे तुम्ही त्यांना सांगून ठेवलं होतं. विजेचा एक झटका देऊन लय परत आणली. आता वर्ष होऊन गेलं. कधीतरी तास-दोन तास धडधडतं, तेवढं ते वहीत लिहून ठेवतात. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, कारण ठोके सुधारले म्हणून पक्षाघाताचा धोका जात नाही, हे वाक्यही तुमचंच.

त्या रात्री तुमची ड्यूटी सकाळपासून चालू होती, हे सिस्टरांकडून नंतर कळलं. तरी चाळीस मिनिटं बसलात. माझ्या सत्तरीच्या बापाला तुम्ही त्याच्या शरीराचा निर्णय त्यालाच घेऊ दिलात. तुमचे उपकार कसे मानू, मला खरंच सुचत नाही.

तुमचा तो कागद तात्यांच्या वहीत घडी करून ठेवला आहे. गिरणी आता दादा बघतो. कराडवरून कधी गेलात तर घरी या. तुमच्यासाठी खपली गव्हाचं पीठ दळून ठेवायला तात्यांनी त्याला बजावलं आहे.

तुमची कृतज्ञ,
तात्यांची लेक