पाणी चढत असताना अनित्य सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचा काळ, सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत बौद्ध विहारांत संध्याकाळचे ग्रंथवाचन चालते. सांगलीत नेमके हेच पुराचे दिवस. 2005 आणि 2019 चे महापूर वर्षावासातच आले, 2021 चा तर ऐन आषाढ पौर्णिमेच्या सुमारास. या काळात आसक्ती, अनित्यता, उपेक्षा (म्हणजे मनाचा समतोल) यांवर भरपूर ऐकायला मिळते. पाणी दारात आल्यावर त्याचे करायचे काय, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग पूर ओसरतो, समाचाराला मंडळी येतात आणि घोटाभर गाळात उभ्या असलेल्या बाईला ऐकवतात, "सगळं अनित्य आहे, मनाला लावून घेऊ नका." सांगणाऱ्याचे घर बहुधा विश्रामबागेच्या पलीकडे, कोरडे असते.

दीघजाणू नावाच्या कोलीय गणातल्या गृहस्थाने बुद्धांना सरळ विचारले होते की, आम्ही बायकापोरांत राहणारी, चंदन लावणारी, सोनेनाणे बाळगणारी माणसे, आम्हाला झेपेल असे काही सांगा. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथातल्या या सुत्तात, म्हणजे उपदेशात, बुद्ध आधी या जन्मापुरत्या चार गोष्टी सांगतात. त्या म्हणजे उद्योग, मिळवलेल्याची राखण, भल्या माणसांची संगत आणि मिळकतीच्या मानाने खर्च. श्रद्धा, शील, त्याग, प्रज्ञा यांची पाळी त्यानंतर येते. यातली राखण, म्हणजे आरक्खसंपदा, कशी करायची तेही तिथेच आहे. कष्टाचे धन राजाने नेऊ नये, चोराने नेऊ नये, आगीने जाळू नये, पाण्याने वाहून नेऊ नये, नावडत्या वारसाच्या हाती पडू नये. कृष्णाकाठच्या विहारांनी यातले चौथे वाक्य दर्शनी फळ्यावर लिहावे. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचा चौथा हिस्सा आपत्तीसाठी बाजूला काढायला सांगितले आहे. आजच्या मजुराला चौथा जमणार नाही, विसावा जमला तरी पुष्कळ.

आता राखण कशी, ते पाहू. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड या बाजूच्या सखल घरांना त्या आकड्यांची वाट बघून चालत नाही. पुलाजवळ किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे शेजारच्या जुन्या माणसाला माहीत असते. तो आकडा दाराच्या आतल्या बाजूला लिहावा आणि त्याच्या तीन फूट आधीच निघायचे असे घरात ठरवून टाकावे. कागदपत्रे एकात एक अशा दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, तोंडे उलटसुलट करून बांधावीत. उतारे, रेशनकार्ड, आधार, पासबुक, पोरांचे दाखले आणि विम्याचा कागद त्यात हवेत. बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या घ्याव्यात. सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपण लावून सिलिंडर पक्का बांधावा, नाहीतर तो पाण्यात तरंगत जाऊन कुठेही आपटतो. मेन स्विच पाणी शिरण्याआधी पाडावा, ओल्या हाताने नंतर नव्हे. गोठ्यातली दावी सोडावीत.

एवढे होऊनही माणूस निघत नाही, कारण 2005 ला पाणी अमुक पायरीपर्यंत आले होते, त्याच्या वर येणार नाही. 2019 ला याच हिशेबाने कितीतरी जण माडीवर थांबले आणि पाणी 57 फुटांच्या वर गेले. आसक्ती कपाटावर, टीव्हीवर असते असे आपण समजतो. खरी चिकटून बसते ती स्वतःच्या अंदाजावर. वर्षावासात भिक्खूने जागा सोडायची नाही असा कडक नियम आहे, पण गाव किंवा निवास पाण्याने वाहून गेला तर निघून जावे, व्रतभंगाचा दोष नाही, अशी मुभा विनयातल्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातल्या, महावग्गात स्पष्ट दिली आहे. भिक्खूला मुभा आहे, मग आपण कोणत्या व्रताला बांधलेले आहोत?

पाणी उतरल्यावर झाडू हातात घेण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे आणि भिजलेल्या सामानाचे फोटो काढावेत. पंचनामा झाल्याशिवाय वस्तू फेकू नयेत. गाळ मात्र ओला असतानाच काढावा, वाळला की दगड होतो. वायरमनने तपासल्याशिवाय मीटर सुरू करू नये. भिजलेल्या धान्याचा मोह नको. मग सामानाचे तीन ढीग घालावेत. एक टाकायचा, एक सुकवायचा आणि तिसरा, ज्याचे काही ठरत नाही तो. तिसऱ्याला महिनाभर हात लावू नये. त्यात भारी वस्तू क्वचितच असतात. लग्नाचा अल्बम असतो, गेलेल्या माणसाचा चष्मा असतो. अल्बममधले चिकटलेले फोटो कोरडे ओढले की रंग निघून येतो. स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ते सावकाश सुटे करावेत आणि चेहरा वर ठेवून सावलीत वाळवावेत. "सोडा हो, फोटोच तर आहेत," असे कोणी म्हणू नये. सोडायचे की नाही, हे महिन्याने ज्याचे त्याने ठरवावे. मेलेले मूल कवटाळून आलेल्या किसा गोतमीलाही बुद्धांनी आधी प्रवचन दिले नव्हते, जिथे कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणायला घरोघर पाठवले होते.

मनाचे काम इथून सुरू होते. सल्लत्थ सुत्तात दोन बाणांची गोष्ट आहे. पहिला शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्यावरच्या शोकाचा. घर बुडाले हा पहिला. "आधीच सामान वर का नेले नाही," "धरणाचे दार वेळेवर का उघडले नाही," हे रात्री तीन वाजता शंभराव्यांदा म्हणणे हा दुसरा. दाराचा जाब दिवसा, लेखी विचारावा, जरूर विचारावा. त्याच सुत्तातले पुढचे वाक्य सहसा वाचले जात नाही. वेदनेतून सुटायची दुसरी वाट ठाऊक नसलेला माणूस सुखोपभोगाकडे धावतो, असे ते सांगते. मदतीची रक्कम कोणाकोणाच्या घरी बाटलीत का जाते, याचे उत्तर तिथे आहे.

ध्यानाला बसायचे ते दहा मिनिटे, खुर्चीवर, तळपाय जमिनीला टेकवून. श्वास नाकपुडीशी जाणवेल तसा बघावा, मुद्दाम खोल घेऊ नये, चक्कर येते. मन ठरत नसेल तर श्वास मोजावेत. विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथात पाचाच्या आत थांबू नये आणि दहाच्या पुढे जाऊ नये असे सांगितले आहे. डोळे मिटले की पाणीच दिसत असेल तर डोळे उघडे ठेवावेत किंवा सावकाश चालावे, चंक्रमण हीसुद्धा साधनाच आहे. रडू आले तर दाबू नये. इथेच बहुतेकांचे चुकते. दाबलेल्याला उपेक्षा समजतात आणि संध्याकाळी ते पोरांवर निघते.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला मात्र लगेच पळू नये. तिथे फोन जमा होतो आणि पंचनाम्याची तारीख निघून जाते. अर्जात मानसिक आजाराची विचारणा असते, ती लपवू नये. दोन आठवड्यांहून जास्त झोप गेली असेल किंवा जगणे नको असे मनात येत असेल, तर आधी डॉक्टर. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

नदीकाठच्या विहार समित्यांना एवढीच विनंती की यंदा वर्षावासाची पहिली संध्याकाळ दीघजाणूच्या सुत्ताला द्यावी आणि वाचन संपल्यावर प्रत्येक घराचा फुटांचा आकडा वहीत उतरवून घ्यावा. वस्तीत एकटे राहणारे म्हातारे कोण, त्यांना न्यायला कोण जाणार, हेही त्याच वहीत लिहावे.

आपला,
एक वाचक, सांगली