मंत्रीसाहेब, तो शिशाचा डबा अजून माझ्याच गोदामात आहे

मा. अणुऊर्जा राज्यमंत्री, भारत सरकार यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी कुर्ल्यातला भंगारवाला. एका हॉस्पिटलच्या लिलावात जुन्या मशिनींचा लॉट घेतला, त्यात शिशाचा डबा निघाला, पाच लिटर तेलाच्या कॅनएवढा पण दोघांना उचलेना. पोरगा छन्नी लावणार तेवढ्यात खरवडलेल्या पिवळ्या रंगात किरणोत्सर्गाच्या धोक्याचं तीन पात्यांचं निशाण दिसलं आणि मी ओरडलो. पोलिसांना फोन मीच केला. त्यांनी फोटो काढले, पट्टी बांधली, कुठल्याशा ऑफिसातले साहेब फोनवर म्हणाले सोमवारी टीम येईल. कुठला सोमवार ते विचारायचं राहिलं बहुतेक! गोदाम बंद, भाडं चालू, पोरगा गावी पळाला, रक्ताच्या टेस्ट माझ्या खिशातून, आणि शेजारी बघतात असे की मीच बॉम्ब आणलाय.

वर ऐकवतात काय, लो लेव्हल, म्हणजे कमी किरणांचं असेल हो, घाबरू नका. मग न्या ना उचलून, तुम्ही का घाबरताय?

2010 चं दिल्लीचं मायापुरी आठवतंय? युनिव्हर्सिटीने वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूचं मशिन लिलावात काढलं, आमच्याच धंद्यातल्या लोकांनी फोडलं, एकाने तर तुकडा पाकिटात घालून फिरवला. एक माणूस गेला. किरणोत्सारी कचऱ्याचे नियम 1987 चे, वापर संपला की सोर्स, म्हणजे मशिनीतला किरणोत्सारी तुकडा, पुरवठादाराकडे परत जायला पाहिजे, कागदावर सगळं झकास. तारापूरला असला कचरा सिमेंटच्या खंदकात पुरून म्हणे 300 वर्षं लक्ष ठेवणार, आणि इथे हॉस्पिटलच्या एका डब्यावर लिलावापर्यंत लक्ष राहिलं नाही.

सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2012 लाच लिहिलं होतं, 57 हजार एक्स-रे सेंटरांपैकी 52 हजार बिननोंदणीची. एक्स-रे मशिन बंद केलं की किरण बंद, तेवढं मलाही कळतं, पण ज्यांना चालू मशिनी मोजता येत नाहीत ते टाकलेल्या काय मोजणार? या सगळ्यावर नजर ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामकाला स्वतंत्र करायचं बिल 2011 ला आणलं, लोकसभेची मुदत संपली तसं तेही बारगळलं. इथे जीएसटी एक दिवस लेट झाला तर लगेच मेसेज येतो हां, तिथे यंत्रणा एकदम टकाटक.

खरं सांगू, गुपचूप भट्टीला पाठवला असता तर आज दुकान चालू असतं. धंद्यातले लोक मला हेच ऐकवतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

तर साहेब, डबा न्या, हॉस्पिटलला जाब विचारा, भाड्याचं बघा. आणि नेताना पावती द्या, शिशाचे पैसे मी वजनावर मोजलेत.

आपला,
एक भंगारवाला, कुर्ला